बोटभर आखूड

दीनानाथांनी दोन्ही क्लॅरिनेटं काउंटरवरच्या हिरव्या कापडावर शेजारी शेजारी आडवी ठेवली, टोकाला टोक जुळवलं, आणि चष्मा कपाळावर सारून विचारलं, "अहो ओव्हाळ, हे जुनं कुणाबरोबर वाजवता?"

"मी नाही वाजवत. एक विद्यार्थिनी वाजवायची. पाच जणांचा संच आहे आमचा विद्यापीठात. फ्लूट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि हे."

"आणि ते पाच जण अजून एकमेकांशी बोलतात?"

दशरथ ओव्हाळ हसला. शनिवार पेठेतल्या या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात तो पलटणीत असल्यापासून येत होता, आणि टोमणा मारल्याशिवाय दीनानाथ साधा स्क्रूसुद्धा पिळत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. पण टोमण्यानंतर ते कामाला लागायचे, आज लागले नाहीत. नुसते कापडाकडं बघत राहिले, म्हणून दशरथलाही बघावं लागलं. नवं क्लॅरिनेट दुसऱ्या कुणाचं तरी होतं, दुरुस्तीला आलेलं. या टोकाला दोन्ही बरोबर होती. त्या टोकाला त्याचं जुनं एक बोटभर आधीच संपत होतं. आणि एकदा ते दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं, की भोकांमधली अंतरंही कमी आहेत, प्रत्येक भोक नव्यातल्यापेक्षा जरासं वर सरकलेलं आहे. "जुन्या पट्टीचं आहे हे," दीनानाथ म्हणाले. "साहेबाच्या राज्यातलं. तेव्हा लष्करी बँडांची पट्टी चढी असायची, पुढं सगळ्यांनी खाली आणली. हे बिचारं राहिलं तिथंच. एकटं वाजवा, सोन्यासारखं वाजेल. चारचौघांत बसवाल तर अर्ध्या सुराच्याही अर्ध्यानं चढं बोलणार. ब्रह्मदेव वाजवायला बसला तरी. भोकांवरचे पॅड बदलायचेत म्हणालात ना? बदलतो की. माझं काय जातंय."

दशरथ "नको" म्हणाला, वाद्याचे भाग पेटीत भरले आणि बाहेर आला. बसस्टॉपपर्यंत तो चालला तो संतापातच. संताप कुणावर काढायचा ते कळेना, की माणूस समोर दिसेल त्यावर काढतो. समोर पाट्या होत्या. सहा महिन्यांत जावा, तीन महिन्यांत सी प्लस प्लस, नोकरीची हमी. दोन वर्षांपूर्वी इथं पंचांग आणि पूजेचं सामान मिळायचं. वर्तमानपत्राच्या कागदात वडा गुंडाळून खाणारी पोरं क्लासच्या जिन्यावर ओळीनं बसली होती, आणि दशरथनं उगाचच त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं. बावन्न वर्षांचं वय, चोवीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये काढलेली, आणि हा माणूस हातातल्या लाकडाची लांबी कधी मोजत नाही. मोजावी असं त्याला वाटतच नाही. कारण मोजायला फूटपट्टी लागते आणि आपल्याकडं कान आहे. हा कान! बस आली, तो चढला, पेटी मांडीवर घेतली, आणि मंगळवार पेठ आली. तोवर नुसतं वाद्याचं कळलं होतं. आता ते वाजवणाऱ्या विद्यार्थिनीचं, मैत्रीचं, कळलं.

मैत्रीला ते क्लॅरिनेट त्यानंच दिलं होतं. आप्पासाहेब रणनवरे कला विद्यापीठ म्हणजे मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला उभी असलेली चार मजली इमारत. साखर कारखानदाराची संस्था, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर एका वर्षात सतरा अभ्यासक्रम निघाले, त्यातला एक पाश्चात्त्य संगीताचा. फुंकून वाजवायच्या वाद्यांचा छोटा संच शिकवायला माणूस हवा होता, तासिका तत्त्वावर. परदेशात शिकलेला परवडेना, म्हणून निवृत्त हवालदार दशरथ ओव्हाळ. चौथ्या मजल्यावर वर्ग, खाली कांद्याची आवक, आणि तालमीच्या मध्येच ट्रकचे हॉर्न. संस्थेनं चार वाद्यं नवी घेतली, पाचव्यापाशी हात आखडला. दशरथ म्हणाला, माझ्याकडं आहे. पलटणीच्या कोठारातलं जुनं सामान लिलावात निघालं होतं तेव्हा त्यानं ते घेतलं होतं, काळ्या शिसवी लाकडाचं, तेल पाजून पाजून चकचकीत ठेवलेलं. नोकरीत तो पलटणीचं वाद्य वाजवायचा आणि घरी संध्याकाळी हे. एकटाच. एकटं असताना कुठलंच वाद्य बेसूर नसतं, ही साधी गोष्ट त्याला बसमध्ये, आत्ता, संगम पुलाच्या अलीकडं कळत होती. वर्गात सुद्धा तो मैत्रीच्या हातातून ते घ्यायचा, "असं वाजव," म्हणून चार ओळी वाजवून दाखवायचा आणि परत द्यायचा. त्या चार ओळी गोड असायच्या. बाकी चौघांबरोबर त्यानं ते एकदाही वाजवलं नाही, कारण गुरुजींनी पोरांच्या खुर्चीत बसायचं नसतं. बसला असता तर पहिल्या मिनिटाला उमगलं असतं. कान खोटं बोलला नव्हता, हेच तर दुखणं होतं. कानाला चढं ऐकू येत होतं ते बरोबरच ऐकू येत होतं. त्यानं बोट तेवढं चुकीच्या ठिकाणी दाखवलं. "मैत्री, चढतेयस." "मैत्री, तोंडाकडचा सांधा ओढ." ती ओढायची. ओढला की मधले दोन-तीन सूर खाली पडायचे आणि खालचे तसेच चढे राहायचे. मग तो म्हणायचा, "आता पडतेयस. एक सूर धरता येत नाही?" ती सांधा आत ढकलायची. दोन वर्षं ती पोर तो सांधा आतबाहेर करत बसली.

बाकी चौघांना तो इतकं धरत नसे, असं त्याला वाटायचं. मैत्रीला धरायचा त्याला कारण होतं, आणि ते कारण आठवलं की त्याला आता स्वतःची शिसारी येत होती. मैत्री येरवड्यातली, त्याच्याच गल्लीतली. तिचे वडील पोस्टात, पौर्णिमेला विहारात ते आणि दशरथ सतरंजीवर शेजारी बसायचे. प्रवेशाच्या वेळी विभागप्रमुख यादीवरून पेन्सिल फिरवत नुसतंच म्हणाले होते, "ही तुमच्याच वस्तीतली दिसते." हसून म्हणाले होते. एवढंच. त्यात काहीच नव्हतं आणि सगळंच होतं. त्या दिवशी दशरथनं मनाशी ठरवलं, की या मुलीला आपण तसूभर सूट देणार नाही. आपल्या माणसाला दुप्पट ताणायचं, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. ही युक्ती त्यानं स्वतःवर आयुष्यभर वापरली होती. त्याच्या बाबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा गावकीचं डफडं फोडून चुलीत घातलं होतं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीत, पुढं होऊन वाजवायचं नाही, आपण वाजवणारे नाही. आणि त्यांचा मुलगा सतराव्या वर्षी भरती झाला तो बँडमध्ये. बाबा महिनाभर बोलले नाहीत. "वाजवायचंच होतं तर मी सोडलं कशाला?" एवढंच विचारलं. पहिल्या रजेला दशरथनं घरी स्वरलिपीचा कागद आणला आणि त्यांच्यापुढं पसरला. बाबा, हे वाचून वाजवायचं असतं, इथं लिहिलेलं असतं, चूक कुणाची ते कागदावर बोट ठेवून दाखवता येतं. अक्षरओळख नसलेल्या बाबांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "मग तू चुकू नकोस." तेवढ्यावर तो चोवीस वर्षं उभा होता. पलटणीत दुसऱ्या ओळीतल्या क्लॅरिनेटचा पाव सूर हलला तरी हवालदार ओव्हाळ मान वळवतो, अशी ख्याती होती. वयानं मोठी माणसं त्याला बिचकायची. ते त्याला आवडायचं, हे कबूल करायला काय हरकत आहे?

आणि डिसेंबर. विद्यापीठाची तपासणी करायला समिती येणार होती, तिच्यापुढं संचाचा कार्यक्रम. तालीम चालली होती, खाली कुणीतरी ट्रक मागं घेत हॉर्नवर हातच ठेवून बसला होता, आणि मैत्रीचा सूर त्या हॉर्नलाही जुळत नव्हता आणि चौघांनाही. दशरथनं ताल द्यायची काठी आपटून सगळ्यांना थांबवलं. एकटीला वाजवायला लावलं. एकटीनं वाजवलं ते चांगलं होतं, मग तो आणखीनच भडकला. म्हणजे येतं, पण करत नाही! पुन्हा सगळ्यांबरोबर. पुन्हा चढं. सात वेळा. सातव्या वेळी तो म्हणाला, "कान काय नुसते डूल अडकवायला दिलेत? मैत्री, तुला कान नाही. वाद्य धरता आलं म्हणजे वाजवता येतं असं नाही. कान नसतो काहींना, त्याला इलाज नाही." तिनं क्लॅरिनेटचे भाग सोडवले, प्रत्येक भागाच्या आतून फडकं ओढलं, ओल पुसली, जसं त्यानंच शिकवलं होतं तसं, आणि पेटी बंद करून कोपऱ्यात बसून राहिली. समितीपुढं तिनं नुसतं वाद्य तोंडाला लावलं, फुंकलं नाही. त्याला ते समजलं होतं, आणि बरं वाटलं होतं. जानेवारीत पेटी कार्यालयात ठेवून ती गेली ती गेलीच. कल्याणीनगरला फोनवर बोलायची नोकरी लागली म्हणे, अमेरिकेतल्या लोकांची बिलं समजावून सांगायची. तेव्हापासून चौघंच वाजवत होते आणि स्वच्छ वाजत होते. घरी जाऊन तो बायकोला, नंदाला, म्हणालाही होता, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

नंदाला त्यानं संध्याकाळी सगळं सांगितलं. भाजीवरचं झाकण हातात धरून तिनं ऐकलं. वाफ तिच्या चष्म्यावर जमली, तिनं पुसली नाही. "म्हणजे चूक लाकडाची," ती म्हणाली.

"माझी."

"तेच म्हटलं मी." मग झाकण ठेवून म्हणाली, "अहो, ती पोर विहारात गातसुद्धा नाही आता. बुद्धजयंतीला तिच्यावाचून कधी वंदना झाली आहे का? परवा पौर्णिमेला बायकांनी आग्रह केला तर म्हणाली, मावशी, मला कान नाही, मी हळू म्हणेन मागं बसून. मला काय ठाऊक हे शब्द कुठून आले."

दशरथला जेवण गेलं नाही. संताप होताच, पण आता तो घरभर हिंडून परत त्याच्याच पाटावर येऊन बसत होता. त्यानं स्वतःशी हिशेब मांडून बघितला, की हे कुणाच्याही बाबतीत झालं असतं, जुन्या पट्टीचं वाद्य त्याच्या भरतीच्या आधीच पलटणीच्या वापरातून गेलं होतं, कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. सगळं खरं होतं आणि एकाचाही उपयोग नव्हता. मुलगी सूर चढवतेय असं दोन वर्षं वाटत असताना माणूस एकदा तरी, फक्त एकदा, वाद्य बदलून बघतो. त्यानं नाही बघितलं, कारण वाद्य त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तो चौकात जाऊन उभा राहिला. नंदानं चौकशी करून ठेवली होती, कंपनीची सुमो मुलांना न्यायला तिथंच थांबते. मैत्री आली ती गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, केस कापलेले, चालणं भरभर. त्याला बघून थबकली. "सर? तुम्ही इथं?" रात्रभर जुळवलेली वाक्यं त्या तीन शब्दांनी पार उधळली, आणि जे पहिलं तोंडात आलं ते तो बोलून गेला. "मैत्री, ते क्लॅरिनेट चुकीचं होतं."

"कोणतं?"

"तुझं. म्हणजे मी दिलेलं. ते जुन्या पट्टीचं आहे. बाकीच्यांशी ते जुळणं शक्यच नव्हतं. कुणी वाजवलं असतं तरी. तू बरोबर वाजवत होतीस."

तिनं पर्सचा बंद खांद्यावर नीट केला. "म्हणजे दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"रोज?"

"रोज."

त्याला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल. खरं तर तो त्यासाठीच आला होता, हे त्याला तिथं उभं असताना कळलं. मैत्री हसली, पण ते हसू त्याला नको होतं. "सर, एक गंमत सांगू? इथं ट्रेनिंगमध्ये ॲक्सेंट शिकवतात. पहिल्याच आठवड्यात ट्रेनर मॅडम म्हणाल्या, मैत्री, यू हॅव अ ग्रेट इअर. मी म्हटलं, नो मॅडम, मला कान नाही. सगळी बॅच हसली. त्यांना वाटलं मी जोक करतेय." मग हसू गेलं. "आता हे मला कशाला सांगितलंत, सर?"

"सांगायला नको होतं?"

"तसं नाही. पण मी सेटल झाले होते ना त्याच्याशी. मला कान नाही, ओके, नसतो काहींना, तुम्हीच म्हणालात. आईला सांगितलं, पप्पांना सांगितलं. पप्पांनी किती हौसेनं ॲडमिशन घेतली होती माझी. ते म्हणाले, जाऊ दे बाळा, ओव्हाळ म्हणतोय म्हणजे असणार. आता त्यांना काय सांगू? की कान होता, पण..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. रस्त्यापलीकडं रिक्षावाले कुणाला तरी हाका मारत होते.

"परत ये," दशरथ म्हणाला. "नवं क्लॅरिनेट मी आणून देतो. एप्रिलच्या परीक्षेला अजून वेळ आहे."

"नाही सर. ते नाही होणार." ती हे इतक्या सरळ म्हणाली, की त्याला पुढं आग्रह करता येईना. सुमो आली, दार उघडलं, आतून कुणीतरी तिच्या नोकरीतल्या फोनवरच्या नावानं "चल ना, मेगन!" असं ओरडलं, आणि मैत्रीनं एक हात दारावर ठेवून मागं वळून बघितलं. "तुम्ही मला चौघांसमोर म्हणाला होतात."

"हो."

"मग चौघांसमोरच सांगा. मी येणार आहे म्हणून नाही. नुसतं सांगा. शनिवारी मला सुट्टी असते. सांगून झालं की फोन करा." त्याच्या पेनानं त्याच्याच बसच्या तिकिटावर तिनं मोबाइलचा नंबर लिहिला, आणि दार सरकन बंद झालं.

शनिवारपर्यंत तीन दिवस होते, ते त्याला तीन महिन्यांसारखे गेले. आपल्यापेक्षा लहान माणसापुढं त्यानं कधी चूक कबूल केली नव्हती. पलटणीत तसा रिवाजच नाही. चुकलेला वरिष्ठ घसा खाकरतो, "पुन्हा सुरुवातीपासून," म्हणतो, आणि खालचे समजून घेतात. वाक्य कसं करावं? वाद्यात दोष निघाला, असं म्हटलं तर भागण्यासारखं होतं. खोटंही नव्हतं. वाद्यात दोष निघाला, बिचारीला त्रास झाला, चला, पान पहिलं. पण बसच्या तिकिटावरच्या नंबराकडं बघितलं की ते वाक्य आपोआप मरायचं. त्याला भीती होती ती चौघांच्या नजरेची. ही पोरं गेली दोन वर्षं ज्याच्या भुवईकडं बघून श्वास घेतात, त्याचा कान इतके दिवस एका लाकडाच्या तुकड्यानं फसवला, हे त्यांना कळणार. पुढच्या तासाला तो कुणाला "चढतोयस" म्हणाला, तर त्यांच्या मनात काय येईल? दशरथ ओव्हाळ या माणसाकडं त्या कानापलीकडं काय होतं? निवृत्तिवेतन आणि एक काळी पेटी. शुक्रवारी आंघोळ करताना तो एकदा मोठ्यानं "माझं चुकलं" असं म्हणून बघायला गेला, तर बाहेरून नंदा म्हणाली, "काय हो?" आणि तो "टॉवेल" म्हणाला.

शनिवारी चौघंही वेळेवर आले, ट्रम्पेटवाला तेजससुद्धा, हेल्मेट काखेत मारून. श्रद्धानं फ्लूट जोडलं, अनिरुद्ध ट्रॉम्बोनच्या नळीतलं पाणी झटकत होता, आणि उत्तरेश्वर, बार्शीकडच्या बँडवाल्यांच्या घरातला, भलंमोठं पितळी युफोनियम मांडीवर घेऊन मांजरासारखं कुरवाळत बसला होता. दशरथनं काठी उचलली आणि परत ठेवली. "वाद्यं खाली ठेवा," तो म्हणाला. त्यानं काळी पेटी टेबलावर उघडली आणि सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, भोकांचं सांगितलं, लिलावाचं सांगितलं, मग त्याच्या लक्षात आलं की आपण मुद्द्याला बगल देतोय, म्हणून थांबून पाणी प्यायला. "डिसेंबरात मी मैत्रीला तुमच्यासमोर म्हणालो, तुला कान नाही. ते चूक होतं. कान तिला होता. चूक माझी होती. वाद्य माझं होतं आणि मी ते कधी तपासलं नाही. तिनं शिकणं सोडलं ते माझ्यामुळं." आणि तो चौघांच्या नजरेची वाट बघत उभा राहिला.

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. "कोणत्या दिवशी, सर?" श्रद्धानं अदबीनं विचारलं.

"समिती यायच्या आधी. सात वेळा वाजवायला लावलं मी. कान काय नुसते डूल अडकवायला दिलेत, म्हणालो."

"त्या दिवशी मी होतो का?" तेजस म्हणाला.

"होतास. शेजारीच होतास."

"मला वाटलं जॉब लागला म्हणून सोडलं तिनं," श्रद्धा म्हणाली. "फर्स्ट पगारात मोबाइल घेतला ना तिनं." अनिरुद्ध आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा छताकडं बघत होता, आणि त्याला काही आठवत नव्हतं हे अगदी स्पष्ट होतं.

उत्तरेश्वर मग समजूत घातल्यासारखं बोलला. "सर, ते तर तुमी समद्यांनाच म्हणता. मला म्हणालात, कान काय नुसता बिडी खोचायला हाय का. तेजसला म्हणालात, हेल्मेट आडकवायला. अनिरुद्धला..." आता चौघंही हसायला लागले, मनापासून, प्रेमानं, आपल्या घरातल्या तापट म्हाताऱ्याला हसावं तसं. दशरथला यातलं एकही आठवत नव्हतं. त्याला वाटत होतं आयुष्यात हे वाक्य आपण एकदाच बोललो.

"मग तुम्ही कसे टिकलात?" त्यानं विचारलं.

"आमी कुठं मनावर घेतो, सर? घरी बापाच्या शिव्या खाऊन आलेली मानसं आमी," उत्तरेश्वर म्हणाला आणि युफोनियम परत मांडीवर घेतलं. "ती घ्यायची. ती समदंच मनावर घ्यायची. एकडाव तुमी म्हणालात घरी रोज एक तास नुसता लांब सूर धरा, तर ती खरंच धरायची म्हने. आमी कुनी धरला?"

पुन्हा हशा झाला. मग श्रद्धा म्हणाली, "सुरू करायचं, सर?" आणि त्यानं काठी उचलली, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना. चौघांनी वाजवलं. स्वच्छ वाजवलं. चूक काढायला जागा नव्हती, आणि दशरथला आयुष्यात प्रथमच त्या स्वच्छपणाचा मनस्वी राग आला. बत्तीस ओळी संपेपर्यंत तो हात हलवत राहिला. यांचा राग येण्यात अर्थ नव्हता, ही चांगली पोरं होती. आपण मरमर मरून एक मोठा गुन्हा चव्हाट्यावर मांडावा, आणि पंचांनी म्हणावं की असं काही घडल्याचं आमच्या लक्षात नाही, तर माणसानं जावं कुठं? शिक्षा तरी कुणाकडं मागावी?

तास संपल्यावर तो कार्यालयात गेला. लेखनिक जेवायला गेला होता. खिडकीतून कांद्याचा वास येत होता आणि खाली हमाल एकमेकांना आरोळ्या देत होते. त्यानं तिकीट काढून नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटीला तिनं उचलला, म्हणजे फोन हातातच असणार.

"सर, सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळे होते?"

"चौघंही होते."

"काय म्हणाले?"

दशरथनं रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. जे बरोबर तेच बोलायचं, कुणाला कसंही लागो, हा त्याचा जन्मभराचा बाणा होता, आणि त्या बाण्यावर तो खूष होता. पलीकडं मैत्री श्वाससुद्धा घेत नव्हती.

"सगळ्यांना आठवत होतं," तो म्हणाला. "कुणी विसरलं नव्हतं. उत्तरेश्वर म्हणाला, त्या दिवशी सरांचं चुकलं हे आम्हांला तेव्हाच वाटलं होतं. आम्ही बोलायला हवं होतं."

त्याला वाटलं फोन तुटला.

"मला ना सर," मैत्री म्हणाली, "वाटायचं, कुणाच्या लक्षातसुद्धा नसेल."

आणि मग ती रडायला लागली. दशरथ रिसीव्हर कानाला लावून, ती थांबेपर्यंत, तसाच उभा राहिला.